डाव्या गालातली जागा

डॉक्टरबाईंनी बॅटरी विझवली नाही. लहू जबडा पसरून बसलेला, आता झालंच असेल म्हणून तोंड मिटायला लागला, तर बाई म्हणाल्या, ‘थांबा जरा.’ एवढंच. लहूने जबडा पुन्हा पसरला. दर वर्षी कारखान्याच्या रंगखात्यातल्या सगळ्यांची ही तपासणी व्हायची. छाती, डोळे, लघवी, नखं. आधीचे म्हातारे डॉक्टर नाडीवर बोट ठेवून क्रिकेटच्या गप्पा मारायचे आणि कार्डावर सही ठोकायचे. ह्या डॉक्टर अनुपमाबाई तीन महिन्यांपूर्वी आलेल्या, वयाने लहूपेक्षा लहानच, आणि त्यांना तोंडात बघायची खोड. दवाखान्याच्या खिडकीतून थिनरचा वास येत होता, छोटा आरसा गालाला आतून गार लागत होता, आणि लहूच्या डोक्यात एकच होतं, की आपण सकाळपासून दोन बार भरलेत, बाईंना वास येत असणार.

‘डाव्या गालात पांढरं आहे. किती दिवस झाले?’

‘पांढरं? चुना असेल.’

‘चुना पुसला जातो.’ बाईंनी कापसाने पुसून दाखवलं, म्हणजे पुसलं जात नाही ते दाखवलं. ‘तिखट झोंबतं?’

लहूने तोंड पुसलं. मग म्हणाला, ‘कॅन्सर काय?’ हा शब्द त्याने जोरात उच्चारला, उगाच दबून कशाला. शेजारच्या बाकावरची नर्स वळून बघायला लागली.

‘मी तसं म्हटलं नाही. हे त्याच्या आधीचं असू शकतं. बऱ्याच जणांचं आहे तसंच राहतं. काहींचं खाणं बंद केलं की जातं. काहींचं वाढतं. तुमचं कुठलं, ते नुसतं बघून कळणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात छोटा तुकडा काढून तपासतात. चिठ्ठी देते.’

‘आणि तंबाखू सोडा म्हणणार.’

‘म्हणणारच.’

‘समजा नाही सुटली. खोटं कशाला बोलू, बाई? आज हो म्हणीन आणि गेटबाहेर मळीन.’

असं कोणी सरळ बोललं की रागवायची माणसं असतात. ह्या बाई रागावल्या नाहीत, खुर्ची पुढे ओढून बसल्या. ‘मग कमी करा. पण खरंच कमी, मोजून. आज बारा वेळा असेल तर पुढच्या आठवड्यात सहा वेळा. झोपताना तोंडात ठेवू नका. चुना कमी घ्या. ह्याने धोका जाणार नाही, कमी होईल. आणि कमी करता करता सोडा. पण तुकडा तपासायला जायचंच, त्यात सूट नाही.’

चिठ्ठी खिशात घालून लहू दवाखान्यातून खात्याकडे निघाला. मधलं पटांगण दीडशे पावलांचं. त्या दीडशे पावलांत त्याची जीभ शंभरदा तरी तिथे जाऊन आली. पाच वर्षं तो रोज त्याच जागी तंबाखू धरत होता आणि ती जागा त्याला कधी दिसली नव्हती. आता जिभेच्या टोकाला ती खरखरीत लागत होती, जुन्या पत्र्यावर रंगाचे पोपडे धरतात तशी, आणि ह्या बाबतीत त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, पोपडे हा त्याचा धंदाच. वरचा रंग कितीही चकचकीत असो, खाली काय चाललंय ते बोट फिरवलं की कळतं. मग आपल्याला कसं कळलं नाही? का कळलं होतं? बायकोने, कमळने, गणपतीनंतर एकदा बांगड्याचं तिखलं केलं होतं, पहिल्याच घासाला त्याच्या डाव्या गालात निखारा ठेवल्यासारखं झालं, आणि तो ताटावरून ओरडला होता, ‘मिरची काय फुकट मिळाली काय गं?’ कमळ बिचारी त्या दिवसापासून हात आखडता घेऊन स्वयंपाक करत होती. नाहूरच्या त्या दीड खोलीत चार महिने सगळं घर सपक, फिकं जेवत होतं. पोरगी म्हणायची, आई, ही आमटी आहे की पाणी? आणि कमळ म्हणायची, तुझ्या पप्पांना बाधतं हल्ली. पप्पा मान खाली घालून भुरके मारायचे. म्हणजे कळलं होतं. गालाला कळलं होतं, घरातल्या सगळ्यांच्या जिभेला कळलं होतं, फक्त लहूने स्वतःला सांगितलं नव्हतं.

खात्याच्या दारात नोटीसबोर्डापाशी ही गर्दी. युनियनचा सेक्रेटरी सहदेव चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचत होता. एक तारखेपासून गेटच्या आत कोणत्याही प्रकारची तंबाखू आणायला मनाई. पहिल्यांदा सापडला तर मेमो, दुसऱ्यांदा एका दिवसाचा पगार कापणार, तिसऱ्यांदा सस्पेंड. थुंकायचे वाळूचे डबे काढून टाकण्यात येतील.

‘आला बघा आपला वकील!’ सहदेवने लहूला बघून हात वर केला. ‘तीनला गेट मीटिंग ठेवलीय रे. तूच बोलायचं. एकोणऐंशीला तूच आणलंस ना हे, आता तूच वाचव.’

‘मी?’

‘मग काय मी? मी तर पानसुद्धा खात नाही, माझं कोण ऐकणार? नुसता उभा राहा यार, तुला बघूनच साहेबाची टरकेल.’

पोरं हसली. लहूही हसला, कारण त्याला तसं हसायची सवय होती, छाती काढून. आणि खरंच होतं ते, आणलं होतं त्यानेच. एकोणऐंशी साली थिनरच्या गोडाऊनला आग लागली होती. कोणाची तरी विडी. माणूस मेला नाही, पण विक्रोळीपासून कांजूरपर्यंत काळा धूर दिसला. दुसऱ्या दिवसापासून गेटवर लाकडी खणांचं कपाट आलं. ज्याने त्याने आपली काडेपेटी, विड्या, सिगरेटी आपल्या नंबरच्या खणात ठेवायच्या, सुटताना घ्यायच्या. लहू तेव्हा रोजची पंधरा सिगरेट ओढणारा. त्या आठवड्यात खात्यातली माणसं पिसाळली होती अक्षरशः. कोणाचा हात थरथरतोय, कोणी ब्रश फेकून मारतोय, एकाने तर साध्या ‘काय रे’वरून दुसऱ्याची कॉलर धरली. तेव्हा लहू साहेबाच्या केबिनमध्ये गेला होता. आत जाताना काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण तोंड उघडलं आणि शब्द आले. ‘साहेब, धूर नको, मान्य. आग लागली तर आधी आम्हीच जळणार. पण चिमूटभर तंबाखू गालात धरली तर कुठली आग लागते? ओढू देत नाही, तर खाऊ तरी द्या.’ साहेब हसला होता. वाळूचे डबे दुसऱ्याच दिवशी आले. आणि लहूला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. आयुष्यात एकदाच तो असा उंचावरून जगाकडे बघत होता, खाली सगळ्यांची डोकी, समोर खाजणातली हिरवी झाडं, आणि त्याला वाटलं होतं की कायदा एका हाताने काढून घेतो, आपण अक्कल लढवली तर दुसऱ्या हाताने परत देतो. झकास वाटलं होतं. ती चूक होती असं आजही त्याला म्हणवत नव्हतं. आग पुन्हा लागली नाही, हे खरंच ना? छातीतला कफ कमी झाला, सायकलने विक्रोळीचा चढ न थांबता चढता यायला लागला, तेही खरंच. सिगरेटच्या पाकिटावर सरकारने बारीक अक्षरांत का होईना दोन ओळी छापल्या होत्या, की बाबा, तब्येतीला वाईट. त्याच्या तंबाखूच्या पुडीवर नुसता एक घोडा होता, उड्या मारणारा. घोड्याने काही सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

पण खाण्याचं शिक्षण कोणालाच नव्हतं. विडी ओढणाऱ्याला तंबाखू कशी धरायची कळत नाही, तो चावतो, गिळतो, ओकतो. लहूचे वडील गिरणीत होते, त्यांच्या चंचीत हात घालून घालून लहू लहानपणीच तयार झालेला. त्याने सगळ्यांना शिकवलं. एवढी तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्याने मळायची, घाईने नाही, मग दुसऱ्या हाताने थापटायची म्हणजे भुकटी उडून जाते, आणि मग गालात, दाढेच्या मागे, चावायची नाही. ‘तिला बसू द्यायची,’ तो म्हणायचा. पण शिकल्यावरही मळत कोणीच नव्हतं. सगळे लहूकडेच यायचे. खात्यातली पद्धतच पडली, की एकाने मळायची आणि पाचसहा जणांनी त्याच्या तळहातावरून चिमूट उचलायची. तिथे फोरमन नाही, हेल्पर नाही. दुपारी नवीन इंजिनियरसुद्धा हळूच यायचा, ‘लहूभाऊ, आहे का थोडी?’ नाही म्हणणं हा अपमान. मागून न घेणं त्याहून मोठा. लहूच्या तळहातावर अंगठ्याखाली एक पिवळा गुळगुळीत गोल पडलेला होता, कमळ म्हणायची हा साबणाने पण जात नाही. त्या गोलाचा त्याला अभिमान होता. त्याच्यामुळे माणसं त्याच्याभोवती जमायची. नाहीतर साडेआठशे माणसांच्या कारखान्यात एका रंगाऱ्याला कोण ओळखतं?

बारा वाजता जेवायला बसले तेव्हा राजाराम नेहमीसारखा समोर. राजाराम मूळचा कुडाळकडचा, लहूच्याच वयाचा, एकाच दिवशी कामाला लागलेले दोघे. लहूच्या हातची पहिली चिमूट खाल्ली तेव्हा हाच ड्रमशेजारी चक्कर येऊन पडला होता, आणि उठल्यावर म्हणाला होता, ‘आणखी जरा दी.’ आता तो तंबाखूबरोबर सुपारीचं खांडही ठेवायचा, दिवसभर. लहूने डबा उघडला आणि जेवायच्या आधी डबी काढली, सवयीने. दोन तोंडांची पितळी डबी, एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. तळहातावर घेतली. बघितली. अर्धी परत डबीत टाकली. उरलेली मळली आणि उजव्या गालात ठेवली. उजवा गाल परका होता, तिथे ती कुठे बसेचना, सारखी जिभेखाली यायची, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. बाईंनी कमी कर म्हटलं, गाल बदल कुठे म्हटलं? पण माणूस आधी असलंच काहीतरी करतो. त्याने पुढे झुकून वाळूच्या डब्यात थुंकून टाकली.

‘काय रे, गोड लागली नाय?’ राजाराम म्हणाला.

लहू राजारामच्या हातांकडे बघत होता. राजारामने भाकरीचा तुकडा मोडला. मग त्या तुकड्याचा आणखी तुकडा. मग त्याचाही, बटणाएवढा, आणि तो दोन बोटांनी दातांच्या फटीतून आत सरकवला. हे काही नवीन नव्हतं. वर्ष झालं असेल, राजाराम असाच जेवायचा. वडापाव घेतला तरी चिवडून चिवडून खायचा, आणि ह्याच बाकावर लहूने त्याची सगळ्यांदेखत टर उडवली होती. ‘आला बघा साहेब, काटाचमचा द्या रे ह्याला!’ सगळं टेबल हसलेलं. राजारामही हसलेला. तोंड मिटून हसलेला. तोंड मिटूनच हसतो हा, लहूच्या लक्षात आलं, शेवटचं खो खो कधी हसला होता राजाराम? जांभई? जांभई देताना तो हात तोंडाशी का धरतो? एकेक आठवण येऊन लहूच्या समोर उभी राहत होती, आणि प्रत्येक आठवणीत तो स्वतः मोठ्याने हसत होता. कोणी दुसऱ्याने हे केलं असतं तर त्याने त्याला ठोकला असता.

‘राज्या, तोंड उघड बघू.’

‘कशाक?’

‘उघड तर.’

‘माका काय झाला नाय,’ राजाराम म्हणाला, इतक्या पटकन, की लहूला कळलं, ह्यालाही माहीत आहे. ह्याच्याही घरी कोणीतरी सपक जेवतंय.

अडीच वाजता तो परत दवाखान्यात गेला. स्वतःसाठी नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. ‘बाई, एखाद्याचं तोंडच नीट उघडत नसेल तर?’ बाईंनी आपली तीन बोटं जुळवून उभी धरली. ‘ज्याची त्याची तीन बोटं अशी उभी दातांमध्ये गेली पाहिजेत. सुपारीने गाल आतून आखडत जातो. दोनच गेली तर माझ्याकडे आणा. एकच गेलं तर आजच आणा.’ आणि मग, लहूने न विचारता, कडवट आवाजात म्हणाल्या, ‘ती नोटीस माझ्या रिपोर्टवरून निघालीय. मी साठ तोंडं बघितली, एकवीस जणांत काही ना काही होतं. मी मागितलं होतं दर महिन्याची तपासणी, कामाच्या वेळात. त्यांना नोटीस सोपी पडली.’

तीनला गेटवर दोन्ही पाळ्या एकत्र होतात. एक आत जाणारी, एक बाहेर येणारी. पाचशे माणसं तरी असतील. लहू स्टुलाकडे चालत गेला तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देत होते, पाठीवर थापा मारत होते, आणि त्याच्या डोक्यात दोन भाषणं तयार होती. पहिलं सोपं होतं. आमचं तोंड, आमची मर्जी, कंपनीने आमचे हात विकत घेतलेत, जबडा नाही. ह्यावर अशा टाळ्या पडल्या असत्या की पत्रे उडाले असते. आणि ते खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. त्याच्या गालात काय ठेवायचं हे कोणा साहेबाने ठरवायचं, हे त्याला आजही मान्य नव्हतं, चिठ्ठी खिशात असतानासुद्धा. बंदी आली तर काय होईल तेही त्याला स्वच्छ दिसत होतं. कोणी सोडणार नाही. गेटवर झडती होईल म्हणून मोज्यात आणतील. डबे नसतील म्हणून थुंकणार नाहीत, सगळं गिळतील. आणि तोंडात काही झालं तर मेमोच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. दुसरं भाषण मात्र कठीण होतं, कारण ते त्याच्या स्वतःच्या विरुद्ध होतं. पण स्टुलावर चढला आणि एकोणऐंशीसारखंच झालं. तोंड उघडलं आणि शब्द आले.

‘ही बंदी आपण मानणार नाही,’ तो म्हणाला. टाळ्या. शिट्ट्या. त्याने हात वर केला. ‘थांबा. पुढचं ऐका आणि मग वाजवा. आज सकाळी बाईंनी माझ्या डाव्या गालात डाग बघितला. त्याचा तुकडा काढून तपासायचाय. काय निघेल माहीत नाही.’ आता कोणी वाजवत नव्हतं. ‘पाच वर्षं तुम्ही माझ्या हातची खाताय. मला वाटलं होतं, धूर गेला म्हणजे सुटलो. आग लागली नाही, ते ठीक झालं. पण हा डागही खोटा नाही. म्हणून आपली मागणी अशी. बंदी नको. डबे काढायचे नाहीत. दर महिन्याला बाई सगळ्यांची तोंडं बघणार, कामाच्या वेळात, आणि ती कार्डं ऑफिसात जाणार नाहीत. ज्याला सोडायचीय त्याला बाई मदत करतील. ज्याला नाही सोडायची तो कमी करेल. ज्याला तेही नाही, त्याचं तो बघेल.’

‘आणि तू रे?’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘तू काय करणार?’

‘मी आज दुपारची थुंकून टाकली. अर्धी होती. उद्याचं उद्या.’ थोडं हसू पसरलं. ‘आणि आजपासून मी कोणाला मळून देणार नाही.’

ह्यावर मात्र गलका उठला. बंदीवर उठला नव्हता इतका. ‘आयला, मग आम्ही मागायची कोणाकडे?’ ‘भाव खातो काय रे!’ सहदेव खालून त्याची पँट ओढत होता, ‘लहू, साल्या, काय बोलतोयस, वाट लागेल सगळ्याची!’ लहूला ते आत कुठेतरी दुखलं, ह्याच माणसांनी त्याला एकदा उचललं होतं. पण आवाज खाली आला नाही.

‘ज्याने त्याने आपली आपण मळा. दुसऱ्याच्या हातावरून उचलली की किती खाल्ली ते कळत नाही. मलाच कळलं नाही कोणाकोणाला किती दिली.’

‘बरा आसा तुझा,’ राजाराम पुढच्या रांगेतून म्हणाला. तो चिडलेला होता, दुपारपासूनच. ‘तू मळून दिलंस नाय म्हणजे आमी बरे होतलव?’

‘नाही होणार. राज्या, तीन बोटं जुळव. अशी उभी. घाल तोंडात.’

‘माका सगळ्यांदेखत नाटकं करूक सांगू नको.’

‘मग मी पण घालतो. बघ.’ आणि लहूने स्टुलावर उभ्या उभ्या, पाचशे माणसांसमोर, तोंड फाकवून आपली तीन बोटं दातांमध्ये उभी घातली. गेली. जेमतेम, पण गेली. बोटांना टर्पेंटाइनची चव होती. कोणीतरी हसलं. मग त्या हसणाऱ्याच्या शेजाऱ्याने आपली घालून बघितली. मग त्याच्या शेजाऱ्याने. सगळा जमाव हळूहळू चुळबुळला. आत जाणारे, बाहेर येणारे, डबे काखेत, टोप्या मागे सारलेल्या, एकेकाचा हात तोंडाकडे जायला लागला. गेटवरच्या वॉचमनचासुद्धा. सहदेवला वाटलं मीटिंग हातातून चालली, त्याने मूठ वर करून घोषणा ठोकली, ‘कामगार एकजुटीचा!’ आणि उलटा आवाज आलाच नाही. पाचशे माणसांच्या तोंडात बोटं होती. वरच्या केबिनची खिडकी उघडली आणि साहेब बाहेर डोकावून हे काय नवीन आंदोलन म्हणून बघायला लागला.

राजारामने शेवटी घातली. दोन गेली. तिसरं तो ढकलत राहिला, नखाने ओठ सोलला, डोळ्यांत पाणी आलं, पण ते आत गेलं नाही. आजूबाजूच्या चारपाच जणांनी बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली, आणि त्यातल्या दोघांनी आपले हात गुपचूप खिशात घातले. लहू स्टुलावरून उतरला. राजारामच्या शेजारी जाऊन उभा राहिला. राजारामने बोटं पँटला पुसली, बराच वेळ पुसत राहिला.

‘ती बाई किती वाजेपर्यंत आसता?’ त्याने विचारलं.

‘पाचपर्यंत.’

‘मगे चल. उभो काय रवलंस?’